नेसायचं काय, घालायचं काय, आणि जुनेरात लपलेलं चीर

प्रश्न असा आला आहे: ‘लहान मुलगी फ्रॉक घालते, मोठी झाली की साडी नेसते. म्हणजे वय वाढलं की क्रियापद बदलतं का? ऑफिसात सगळ्या जणी “साडी घातली” म्हणतात, ते चूक का? आणि आजीच्या तोंडी असायचं ते “जुनेर” म्हणजे नेमकं काय? आमचे एक सर सांगतात की “नेसणे” हे “न्यास”वरून आलं आणि “जुनेर” हे जुन्नर गावावरून.’

वय वाढलं की कपडा बदलतो. क्रियापद कपड्याला चिकटलेलं असतं, माणसाला नाही. पाच वर्षांच्या मुलीला हौसेनं नऊवारी दिली तर ती नेसतेच, आणि सत्तरीच्या बाई गाऊन घालतातच. एवढ्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. ‘पैठणी घातली’ हे मात्र मालिकांमधून, जाहिरातींमधून आणि लग्नाच्या फोटोंखालून इतकं कानीकपाळी येतं की आता त्याचा राग यायचाही कंटाळा आला आहे. पैठणी पेटीत घालतात. अंगाला ती नेसतात.

पण ज्या नियमानं लोकांना दुरुस्त केलं जातं, तो नियमही कच्चा आहे. ‘शिवलेलं घालायचं, न शिवलेलं नेसायचं’ हे वाक्य जो तो पाठ म्हणून दाखवतो. शाल कुठे शिवलेली असते? तरी शाल कुणी नेसत नाही, ती पांघरतात. उपरणं घेतात, फेटा बांधतात. उलट परकर शिवलेला असतो, त्याला नेफा असतो, नाडी असते, तरी जुन्या बायका परकर नेसायच्या. सगळ्यात सोपी कसोटी टॉवेलची. तोच टॉवेल कमरेला गुंडाळला की ‘टॉवेल नेसून बाहेर आला’ आणि खांद्यावर असला की ‘टॉवेल घेतला’ किंवा ‘टाकला’. कापड तेच, शिलाई शून्य, क्रियापदं दोन. म्हणजे प्रश्न सुईचा नाही, कमरेचा आहे. जे कमरेभोवती फिरवून तिथेच अडकवलं जातं ते नेसायचं: लुगडं, धोतर, पंचा, लुंगी, सोवळं. पाय घालायला दोन वेगळ्या वाटा झाल्या की घालणं सुरू, म्हणून पायजम्याला नाडी असूनही तो घालतात. स्कर्ट या नियमाला दाद देत नाही हे मान्य. तो नावासकट बाहेरून आला आणि शर्टाचं क्रियापद घेऊन बसला.

आता हे कमरेचं भान शब्दात कुठून आलं ते पाहा, कारण खरी गंमत तिथेच आहे. संस्कृतात ‘वस्’ असे दोन धातू आहेत. एक राहणारा, ‘वसति’. दुसरा अंगावर वस्त्र घेणारा, ‘वस्ते’. वस्त्र, वसन, वास हे शब्द या दुसऱ्याचे. त्याला ‘नि’ लागून ‘निवसन’, आणि मधला व विरघळून नेसण, नेसणे. कोकणीतलं न्हेसप आणि न्हेसण हेही याच घरचं. पालीत हा शब्द ‘निवासेति’ असा येतो आणि तिथे त्याचा अर्थ अगदी काटेकोर आहे: खालचं वस्त्र नेसणे. वरचं अंगावर घ्यायला वेगळं क्रियापद आहे, ‘पारुपति’. सुत्तांमध्ये, म्हणजे बुद्धाच्या पाली उपदेशांमध्ये, बुद्ध भिक्षेला निघतात तेव्हा ठरलेलं वाक्य येतं: ‘पुब्बण्हसमयं निवासेत्वा पत्तचीवरमादाय’. सकाळच्या वेळी नेसून, पात्र आणि चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, घेऊन. मराठी माणसाला यातल्या ‘निवासेत्वा’चा अर्थ विचारावाच लागू नये.

‘पारुपति’ हा संस्कृतातल्या ‘प्रावृ’चा, म्हणजे पांघरण्याचा, अक्षरं उलटलेला अवतार. त्याच ‘प्रावृ’पासून प्रावरण. बाराव्या शतकातला हेमचंद्र आपल्या प्राकृत व्याकरणात ‘प्रावरण’चं ‘पंगुरण’ होतं यासाठी स्वतंत्र सूत्र खर्ची घालतो. ते पंगुरण म्हणजे आपलं पांघरूण. खाली निवसन, वर प्रावरण. खाली नेसणे, वर पांघरणे. दोन हजार वर्षांहून जुनी ही जोडी मराठीत अजून जशीच्या तशी आहे. म्हणूनच साडी नेसतात पण पदर घेतात. एकाच कापडाच्या दोन टोकांना दोन क्रियापदं लागतात, कारण एक टोक कमरेचं आणि दुसरं खांद्याचं. वयाचा संबंध असलाच तर तो इथे आहे. परकर नेसणाऱ्या मुलीला वरचं टोकच नसतं. ते मिळालं की ती मोठी झाली, म्हणून ‘पदर येणे’ म्हणजे वयात येणे.

‘न्यास’चं काय? नि आणि अस्, म्हणजे ठेवणे. ध्वनी ओढूनताणून जुळतीलही, पण मग आपण पुस्तक कपाटात नेसलं असतं. अर्थाला कमरेशी बांधणारी दोरी न्यासात नाही, निवसनात आहे. सरांनी ही व्युत्पत्ती विश्वस्त संस्थांसाठी राखून ठेवावी.

आणि ज्यांना ‘घालणे’ हे इंग्रजीतल्या ‘वेअर’चं सरळ भाषांतर वाटतं, त्यांच्यासाठी खास. ‘वेअर’ हा शब्द याच ‘वस्’ कुळातला आहे, ‘व्हेस्ट’ही त्यातलाच. ‘घालणे’ आलं प्राकृतातल्या ‘घल्लइ’पासून, म्हणजे टाकणे, फेकणे, म्हणून आपण सडा घालतो, मीठ घालतो, खोडा घालतो. तेव्हा ‘वेअर’चा सख्खा भाऊ शोधायचाच असेल तर तो ‘नेसणे’ हा आहे. इंग्रजीच्या नादानं ‘साडी घातली’ म्हणणाऱ्यांनी इंग्रजीलाही अंतर दिलं.

लहानपण आणि म्हातारपण यांचे शब्द वेगळे पडतात ते प्रयोजकात, म्हणजे दुसऱ्याला नेसवण्या-घालण्याच्या क्रियापदात. बाळाला झबलं घालतात, टोपडं बांधतात, कुंची घालतात. ते स्वतः काही करत नाही. मुंजीत बटूला लंगोटी दिली जाते ती स्वतः सांभाळायची पहिली वस्तू. आणि ‘नेसवणे’ हे क्रियापद प्रामुख्यानं तिघींसाठी चालतं: हौसेनं नटवलेली छोटी मुलगी, देवळातली देवी आणि हात न चालणारी म्हातारी. विधवेच्या अंगावरचं बिनकाठाचं तांबडं आलवण पाहून लांबूनच तिची अवस्था कळायची. वय विचारायची गरजच नसे, कारण पंधराव्या वर्षीही तेच आणि पंचाहत्तराव्या वर्षीही तेच.

आता जुनेर. जुनेर म्हणजे वापरून विरलेलं लुगडं. नुसतं जुनं नव्हे: कपाटात वीस वर्षं घडी न मोडलेली पैठणी जुनी असते, जुनेर नसते. जुन्नरचा इथे काही संबंध नाही. गावावरून कापडाला नाव द्यायचं तर मराठी ‘ई’ लावते. पैठणची पैठणी, महेश्वरची महेश्वरी. जुन्नरची झाली असती तर जुन्नरी झाली असती. संगमनेर, पारनेर, अंमळनेर यांतला ‘नेर’ म्हणजे नगर, हे ऐकून कुणी जुनेरातही नगर वसवायला निघतं. लुगड्याला वेस नसते.

काही जण ‘जीर्ण’ एवढंच सांगून थांबतात. अर्धा शब्द सांगून थांबणं मला पटत नाही. ‘जुन’ हा जीर्णच. हेमचंद्रानं ‘जीर्ण’मधल्या ईचा उ होतो असं सूत्र दिलंच आहे, त्यातून जुण्ण आणि मग जुना. पण ‘एर’ कुठून आला? जुन्याला ‘एर’ लावून नाम करायची रीत मराठीत नाही. नवेर नाही, फाटेर नाही. माझ्या मते हे ‘चीर’ आहे, म्हणजे वस्त्र. जीर्णचीर, जुण्णचीर, जुण्णईर, जुनेर. दोन स्वरांमधला च गळतो, तसाच सूचीतला गळून सुई झाली. अ आणि ई जवळ आले की ए होतो: स्थविरातला व गळून ‘थेर’ झाला, त्याचाच आपला थेरडा. माहेरातल्या ‘एर’मध्ये जसं मातृगृहातलं घर दडलं आहे, तसं जुनेरात चीर. लिंगही जुळतं: ते चीर, ते जुनेर. लंगोट आणि कासोटा यांतला ‘ओट’ हा पट्ट, म्हणजे कापडाचा पट्टा, आहे हे जे मान्य करतात, त्यांनी जुनेरातलं चीर नाकारायला काही कारण दिसत नाही. वापरानं कापड विरतं तसा शब्दही विरला, आणि विरला तो नेमका कापडाचा अर्धा भाग.

एकदा चीर दिसलं की माणसाचं सगळं आयुष्य त्यात बांधलेलं दिसतं. तान्ह्याच्या खाली चिरगुट. पोरीला नेसायला छोटं लुगडं ते चिरडी. थेरडीतली ‘डी’ आणि चिरडीतली ‘डी’ एकच, एक तुच्छतेची आणि एक मायेची. आणि शेवटी जुनेर. मधलं भरजरी लुगडं तेवढं चीर हे नाव टाकून मिरवतं.

लुगड्याचं जुनेर कसं होतं हेही सांगायला हवं, कारण ‘दंड’ हा शब्द आता शिक्षेपुरताच उरला आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. यातला बसायचा आणि कासोट्याखालून जाणारा मधला भाग आधी विरतो. पदराकडचं आणि आतलं टोक धड राहतं. कापड उजेडासमोर धरलं की विरलेला पट्टा जाळीसारखा दिसतो. तेवढा कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे काठाला काठ लावून आडवे जोडायचे, याला दंड घालणे म्हणतात. कात्री विरलेल्या जागेपासून दोन बोटं पुढे, धड कापडात लावायची. कंजुषी करून विरलेल्याच्या कडेला टाके घातले तर शिवण टिकते आणि तिच्या शेजारचं कापड पहिल्याच धुण्यात फाटतं. जाड दोऱ्यानंही तेच होतं, दोरा जुन्या सुताला कापतो. वारभर कापड गेलं की कासोटा आखूड पडतो, म्हणून दोन विरलेल्या लुगड्यांची धड अर्धुकं एकत्र जोडायची पद्धत जास्त चालायची. मग काठ दोन रंगांचे, आणि जोड निऱ्यांमध्ये लपवायचा.

दंडालाही दाद देईना की मग ते गोधडीत, दुपट्यात, बाळोत्यांत जातं. बाळोत्याला नवं कापड घेऊ नये असं बायका सांगत ते उगाच नव्हे. नव्या कापडात खळ असते, ते पाणी शोषत नाही आणि कातडीला घासतं. शेकडो धुण्यांनी खळ गेलेलं सुती जुनेर शोषतंही आणि मऊही असतं. म्हणजे जुनेर फाडून चिरगुटं होतात आणि शब्द पुन्हा पाळण्यापाशी येतो. त्याच्याही पुढची पायरी शेणानं सारवायचं पोतेरं. ‘पोत’ म्हणजे कापड. पुढचा ‘एर’ पुन्हा आला आहे आणि लिंग पुन्हा नपुंसक आहे, तेव्हा मी इथेही चीरच वाचतो. कापडाला दोनदा कापड म्हणणं भाषेला वर्ज्य नाही.

चुल्लवग्ग या भिक्षूंच्या नियमांच्या पाली ग्रंथात हीच उतरंड आहे. उदेन राजाच्या राण्यांनी बुद्धाचा शिष्य आनंद याला पाचशे वस्त्रं दिली. राजानं विचारलं, एवढ्यांचं करणार काय? ज्यांची चीवरं विरली आहेत त्या भिक्षूंना वाटणार. मग त्या जुन्या चीवरांचं? अंथरुणावर घालायच्या चादरी. जुन्या चादरींचं? गादीच्या खोळी. मग जमिनीवरची आंथरणं, मग पायपुसणी, मग झटकणी, आणि शेवटी त्यांचे तुकडे करून चिखलात मळून जमीन लिंपायची. शेवटची पायरी वाचताना डोळ्यांसमोर शेणाची बादली आणि पोतेरं येतं.

ऑफिसचं राहिलंच. हल्ली शिवलेली ‘रेडी टू वेअर’ नऊवारी मिळते, तिच्यात सलवारीसारखे पाय सरकवायचे आणि मागून चेन लावायची. ती घालावी.