केळीच्या चकतीवरचा निळा डाग

जळगाव

बेटा,

तुझं पत्र पोचलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र, रात्री पायथॉनमधलं कोडिंग, रविवारी मामांच्या केळीत, आणि शेवटी विचारतेस, "सर, मी नेमकी कुठल्या विषयाची?" ते राहू दे. प्रश्न कुठला धरलास, ते सांग.

मामांचा माल एकाच गाडीत गेला, पण घड वेगवेगळ्या दिवशी पिकले, असं तू जाता जाता लिहिलंयस. मी तिथेच अडकलो. केळं पिकवतो तो इथिलीन, दोन कार्बनचा साधा वायू; त्याची रचना तू केव्हाच काढलीयस. फळ तो मेथिओनिन या अमिनो आम्लापासून बनवतं, हे झालं जीवरसायन. वखारीत तो कसा पसरतो, सालीतून आत किती शिरतो, हे भौतिक रसायन. सालीचा हिरवा रंग विरतो, तो मोबाईलच्या फोटोतून मोजता येईल का? इथे तुझं पायथॉन. (कार्बाइडने पिकवायला बंदी का, तेही वाच. त्यातून निघणारा ॲसिटिलीन इथिलीनची नक्कल करतो. पण धोका आर्सेनिक आणि फॉस्फरसच्या अंशांचा.)

सुरुवात घरीच कर. एका कच्च्या फणीचे दोन भाग: एक उघड्यावर, एक पिकल्या केळ्याबरोबर पिशवीत. रोज दोन्हीकडची एकेक चकती कापायची, आयोडीनचे थेंब टाकायचे, एकाच दिव्याखाली फोटो काढायचा. आयोडीनने स्टार्च निळा पडतो; त्याची साखर होत जाते तसा निळा डाग कमी होतो. एखादा दिवस चुकला तर तसंच लिही. मी तुझ्या वयात जमलेलेच आकडे वहीत उतरवायचो. पुढे ती वही मलाच उपयोगी पडली नाही.

वेंकी रामकृष्णन यांची पीएच.डी. भौतिकशास्त्रातली, नंतर ते जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी झाले आणि २००९ चं नोबेल मिळालं रसायनशास्त्राचं. हे उदाहरण सगळेच देतात, पण अर्धं. त्यांचा आधी एक विषय पक्का झाला होता. तुझा रसायन होऊ दे. गणिताला घाबरून भौतिक रसायन मागे टाकतेस, ते मला दिसतं.

देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून देतात त्या उन्हाळी संशोधन फेलोशिपला अर्ज कर. "मला संशोधनाची आवड आहे" असलं काही लिहू नकोस, चकत्यांचं लिही.

दिवाळीनंतर घरी ये. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजू, कळण्याच्या भाकरी करायला सांगतो. वही मात्र आण.

तुझा,
सर