गावात 90 टक्के मुलांना लस झाली आहे, तरी गोवराची साथ येऊ शकते का?

हो, येऊ शकते. गोवरासाठी 90 टक्के पुरत नाहीत. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एका रुग्णापासून साधारण 12 ते 18 जणांना लागण होते. ही साखळी तोडायची तर एका रुग्णापासून सरासरी एकापेक्षा कमी जणांना लागण व्हायला हवी, म्हणजे 92 ते 94 टक्के लोक सुरक्षित हवेत. म्हणून उद्दिष्ट 95 टक्के, तेही दोन्ही डोसांचं. नवव्या महिन्यातल्या एका डोसाने 100 पैकी 85 च्या आसपास बाळं सुरक्षित होतात. तुमच्या 90 टक्क्यांना एकच डोस झाला असेल तर खरं संरक्षण जेमतेम 76 टक्के! 16 ते 24 महिन्यांतला दुसरा डोस अजिबात चुकवू नका.

सरासरीवरही विसंबू नका. वाळवा तालुक्यातल्या एखाद्या गावाचा आकडा चांगला असला, तरी ऊसतोड टोळीच्या कोप्यांत लस राहून गेलेली पाच-दहा पोरं एकत्र असली की साथ तिथेच भडकते. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल आजार पसरवतं. संपर्क आल्यापासून 72 तासांत लस दिली तर बऱ्याचदा आजार टळतो.

12 ते 18 हा आकडा मात्र पक्का नाही, गर्दीप्रमाणे तो बदलतो.