वाचकांचे प्रश्न : पॉइंट काढले, किट बसवलं, आता गाडी गरम झाली की बंद

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची 1986 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. पॉइंटच्या (स्पार्कसाठी कॉइलचा करंट तोडणाऱ्या संपर्कांच्या) कटकटीला कंटाळून डेल्कोत, म्हणजे प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवून घेतलं. मिस्त्रींनी सोबत ‘जास्त ताकदीची’ नवी कॉइलही (बॅटरीचे व्होल्ट स्पार्कइतके वाढवणारी) टाकली. सकाळी गाडी अर्ध्या सेल्फला चालू होते. पण पुण्याहून परतताना खंबाटकी चढली, किंवा साताऱ्यात सिग्नलला जरा जास्त थांबलो, की मिसिंग सुरू होतं आणि बंद पडते. थोडं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू! कार्ब्युरेटर साफ केला, पेट्रोल पंपाचं किट बदललं, फरक शून्य. आता मिस्त्री इंजिन उतरवायचं म्हणतात. — एक वाचक, वाई

उत्तर : इंजिनाला हात लावू देऊ नका. गार गाडी अर्ध्या सेल्फला उठते, म्हणजे कॉम्प्रेशनची (सिलिंडरमधल्या दाबाची) तक्रार नाही. बंद पडते त्या क्षणी स्पार्क जातो की पेट्रोल, एवढंच आधी ठरवायचं आहे, आणि ते गाडी गरम असतानाच. गॅरेजपर्यंत टो करून नेलीत की ती गार होते आणि मिस्त्रींसमोर शहाण्यासारखी वागते.

डिकीत एक चांगला जास्तीचा प्लग आणि इन्सुलेशनची पक्कड ठेवा. गाडी बंद पडली की एका प्लगची वायर काढून या प्लगला लावा, प्लगचं धातूचं अंग इंजिनाला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. वायर पकडीनेच धरायची. पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग करू नका. वायर नुसती लोंबत ठेवून सेल्फ मारणंही नको, ठिणगीला वाट मिळाली नाही की तो दाब कॉइल आणि किटवर येतो. निळा, टक्‌टक् वाजणारा स्पार्क दिसला तर दोष पेट्रोलचा. पंपावर ओलं फडकं ठेवून गाडी लगेच उठली तर व्हेपर लॉक (उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) समजा. स्पार्क पिवळट, मरतुकडा किंवा गायब असेल तर दोष विजेचा.

माझा संशय त्या ‘ताकदीच्या’ कॉइलवर आहे. गार गाडीत कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी काढा आणि त्या दोन टर्मिनलमधले ओहम मोजा. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करायचा. साधी कॉइल सुमारे 3 ओहम दाखवते. दीडच्या आसपास आकडा आला, तर ती बॅलास्ट रेझिस्टरसोबत (करंट आटोक्यात ठेवणारा वेगळा रोध) वापरायची कॉइल आहे. थेट 12 व्होल्टवर 3 ओहममधून 4 अँपिअर जातात, दीडमधून 8. जास्त करंटने कॉइल आणि किट दोन्ही तापतात. वेगात असताना करंटला पूर्ण चढायला वेळच मिळत नाही, आयडलला मिळतो. म्हणून तुमचं दुखणं सिग्नलला उठतं. किटच्या कागदावर किमान किती ओहमची कॉइल चालते ते दिलेलं असतं, तेवढ्याची बसवा. बॅलास्ट ठेवायचाच असेल तर किटची लाल (व्होल्ट घेणारी) वायर बॅलास्टच्या आधी जोडा, कॉइलच्या प्लसवर नाही.

कॉइल बरोबर निघाली तर इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी किटच्या लाल वायरच्या जोडावर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर तेवढे व्होल्ट वाटेत गळताहेत. चाळीस वर्षांचा इग्निशन स्विच, फ्यूज बॉक्समधली हिरवी पडलेली पट्टी, कुठेतरी काळ्या टेपखाली पिळून जोडलेली वायर... शोधत जा. पॉइंटना कमी व्होल्ट खपायचे, किटला खपत नाहीत.

मग डेल्कोची कॅप उघडा. आतल्या हलत्या प्लेटपासून बॉडीला जाणारी लहानशी अर्थ वायर असते. इंजिनाच्या व्हॅक्यूमच्या ओढीबरोबर प्लेट वर्षानुवर्षं हलते, आतल्या तारा तुटतात आणि वरचं कव्हर मात्र शाबूत राहतं. चिमटीत धरून हलकं ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आतून तुटलेली आहे. दहा मिनिटांचं काम, पण बघतं कोण!

हे सगळं ठीक असेल तरच किटवर आळ घ्या. आयडलला चालणाऱ्या इंजिनात, कॅपच्या बाजूने, घरातला हेअर ड्रायर डेल्कोवर धरा. तेवढ्यानेच गाडी मेली तर किटचा सेन्सर गेलाय.

प्रश्न : किट बसवल्यापासून चढावर इंजिन खडखडतं. पेट्रोल बदलून पाहिलं. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टायमिंग पुन्हा लावलं नाही, दुसरं काय. सेन्सर पॉइंटच्या जागी बसला तरी स्पार्कची वेळ सरकते. व्हॅक्यूमची नळी काढून बंद करा आणि आयडलला टायमिंग लाइटने हँडबुकातल्या अंशांवर आणा. कानाने लावून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

प्रश्न : जुने पॉइंट आणि कंडेन्सर भंगारात देऊ का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुळीच नाही. पॉइंट तुटेपर्यंत गाडी हळूहळू कुरकुरत सांगते. किट गेलं की एकदम गप्प. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये संपल्या, आता नाक्यावरच्या टॅक्सीवाल्याकडून उसने पॉइंट मिळायचे नाहीत. डिकीत फीलर गेज आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरसह डब्यात ठेवा. आणि किट असलेल्या गाडीत इंजिन बंद असताना रेडिओसाठी इग्निशन चालू ठेवू नका. कॉइल तापते आणि किट जळतं. रेडिओला वेगळी वायर घ्या.