आधी तुझा आकडा फळ्यावर लिही

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं, दुसऱ्यांदा वाचताना मात्र पोटात कालवलं. ‘निरोगी डिजिटल सवयी’ असं भारदस्त नाव दिलेला तास तुझ्या गळ्यात पडला. तू रात्र जागून चाळीस स्लाइड्स केल्यास, मेंदूची चित्रं आणि लाल बाण घालून. आणि अकराव्या स्लाइडला मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, तुमचा स्क्रीन टाइम किती?’ वर्ग हसला, आणि तू ‘आपला विषय तो नाही’ म्हणून पुढची स्लाइड लावलीस.

अरे, विषय तोच होता!

आता तू विचारतोस, की हा तास नाकारू का, की सरसकट फोनबंदीसाठी मुख्याध्यापकांच्या मागे लागू. दोन्हीचं उत्तर देईन. पण सोमवारी वर्गात गेलास की स्लाइड्स उघडू नकोस. खडू घे आणि स्वतःच्या स्क्रीन टाइमचा आकडा फळ्यावर लिही. रोजचे तास, मिनिटं, आणि दिवसात फोन किती वेळा उचललास तेही. प्रस्तावना नको, विनोद नको.

मी पहिल्यांदा लिहिला तो ४ तास ५२ मिनिटं. फोन उचलला होता १३१ वेळा. लिहिताना कान तापले होते. वर्ग गप्प. मग एकजण हळूच म्हणाला, ‘बाई, हा तर माझ्यापेक्षा जास्त आहे.’ त्या एका तासात मुलं जितकं खरं बोलली तितकं त्याआधीच्या तीन वर्षांत बोलली नव्हती. शिक्षकांच्या खोलीत नाकं मुरडली गेली. असं केल्याने म्हणे शिक्षकाचा वचक जातो.

वचक होता तेव्हा मी काय कमावलं, ते ऐक.

बरीच वर्षं मी फोन जप्त करणारी बाई होते. माझ्या टेबलाचा खालचा खण त्यासाठीच होता आणि त्याचा मला अभिमान होता. नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिचं नाव आणि फोटो लावून कुणीतरी खोटं अकाउंट काढलं होतं आणि त्यावरून वर्गातल्या मुलांना घाणेरडे मेसेज जात होते. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ‘तुला आधी त्या भानगडीत पडायला सांगितलं होतं कुणी?’ ती ‘काही नाही बाई’ म्हणाली आणि गेली. तो प्रकार पुढे पाच महिने चालला. मला कळलं तेव्हा ती शाळा सोडून गेली होती.

अशा वेळी काय करायचं ते मला आज पाठ आहे. आधी पूर्ण ऐकून घ्यायचं. मेसेजचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट ठेवायचे. काही डिलीट करायचं नाही. अकाउंट लगेच रिपोर्ट करायचं. घरी कोणाला सांगायचं हे तिला विचारून ठरवायचं. आणि तिचा फोन काढून घ्यायचा नाही, कारण मग शिक्षा तिलाच होते. यातलं काहीही त्या मुलीच्या उपयोगाला आलं नाही.

ती माझ्याकडे पुन्हा का येईल? जी बाई फोनच्या बाबतीत कधी चुकलीच नाही, तिच्यापुढे आपली चूक कोण काढून ठेवेल? म्हणून म्हणते, आकडा लिही. वर्गातल्या एखाद्या मुलाला उद्या तुझ्याकडे यावंसं वाटेल, ते त्या आकड्यामुळे.

तुझ्या स्लाइड्सबद्दल थोडं कडू बोलते, रागावू नकोस. भीती घालून सवयी बदलायचा प्रयोग जगात मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांचे धोके सांगायचे. अमेरिकेतल्या हजारो शाळांनी तो घेतला, पालक खूश, शाळाही खूश. पुढे त्याची नीट तपासणी झाली तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यात जवळजवळ काहीच फरक दिसला नाही. तुझे लाल बाण त्याच कुळातले आहेत.

आणि ती सतरावी स्लाइड! ‘फोन नुसता टेबलावर असला तरी बुद्धी मंदावते’ असं तू ठोकून दिलं आहेस. २०१७ च्या एका अभ्यासात तसं आढळलं, खरं आहे. पण नंतर इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा दर वेळी तो परिणाम हाती लागला नाही. नववीतली पोरं हे एका संध्याकाळीत शोधून काढतात, आणि मग तुझ्या बाकीच्या एकोणचाळीस स्लाइड्सही खोट्या ठरतात.

फळ्यावर आकडा लिहिलास की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘सर, मग कमी का नाही करत?’ तिथून तुझा तास सुरू होतो. खरं उत्तर दे. करायचं म्हणतो, जमत नाही. आणि का जमत नाही ते मुलांबरोबर उकलत बस. यंत्राचं पोट फाडून दाखव. पान संपतच नाही, खाली सरकवत राहावं तसं नवीन येतच राहतं, ही युक्ती २००६ साली आझा रास्किन नावाच्या डिझायनरने बनवली, आणि पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. पुस्तकात प्रकरण संपतं, तिथे आपण मान वर करतो. ती मान वर करायची जागाच त्याने काढून टाकली. फेसबुकचं लाइकचं बटण आलं २००९ मध्ये. त्याआधीही लोक फोटो टाकत होते, पण किती जणांना आवडला याची मोजणी फोटोखाली टांगलेली नव्हती. मुलांना विचार, ती मोजणी नसती तर कालचा फोटो टाकला असतास का? उत्तर मोठ्याने द्यायची सक्ती करू नकोस.

मानसशास्त्रज्ञ स्किनरची, बटण टोचून दाणा मिळवणारी कबुतरं तुला बी.एड.ला पाठ होती, आता ती वर्गात आण. दाणा ठरावीक वेळा टोचल्यावर मिळत असेल, तर दाणे बंद झाल्यावर कबुतर लवकर नाद सोडतं. कधी मिळेल याचा नेमच नसेल तर टोचतच राहतं. मी दोन मुलांना टाळ्या वाजवायला लावायचे. एकाला दर पाचव्या टाळीला शाबासकी, दुसऱ्याला मनात येईल तेव्हा. मग दोघांचीही शाबासकी बंद. दुसरा बराच वेळ वाजवत राहायचा, वर्ग खो खो हसायचा, आणि मग कुणीतरी म्हणायचं, ‘बाई, मी नोटिफिकेशन आलं का बघायला असाच फोन उचलतो.’ हे वाक्य मी उच्चारलं असतं तर उपदेश झाला असता.

एक सांभाळ. आकडा तुझाच लिहायचा, मुलांचा मागायचा नाही. कुणाकडे स्वतःचा फोन नसतो, कुणी आईचा वापरतं, कुणाचा आकडा घरातल्या एकटेपणामुळे मोठा असतो. तो चारचौघांत काढायचा तुला हक्क नाही. शिवाय आकड्यात सगळंच एकत्र कालवलेलं असतं. आजीशी व्हिडिओ कॉल आणि तासभराची रील्स, मिनिटं दोन्हींची सारखीच. म्हणून वहीत दोन रकाने आखायला लाव, फोन उचलला कशासाठी, आणि खाली ठेवला तेव्हा करत काय होतो. आठवडाभर. वही कुणी तपासणार नाही. दोन रकाने जुळत नाहीत हे मुलांना तिसऱ्या दिवशी आपोआप दिसतं. मग नोटिफिकेशन फक्त माणसांची चालू ठेवणं, ऑटोप्ले बंद करणं, चार्जर झोपायच्या खोलीबाहेर नेणं या गोष्टी तीच सुचवतात. तूही त्यांच्याबरोबर कर. नाही जमलं तर तेही फळ्यावर लिही.

आता बंदी. वर्गात फोन नको, हे मी आजही म्हणते. फ्रान्सने २०१८ मध्ये शाळांसाठी तसा कायदा केला. ऑस्ट्रेलियाने तर सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवू न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली, तो कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू आहे. तुझी मुलं ‘आम्ही तेराच्या वरचे आहोत, ॲपच्या नियमात आम्हाला चालतं’ म्हणतील. त्यांना सांग, की तेराचा आकडा १९९८ च्या अमेरिकी कायद्यातून आला, आणि त्यात प्रश्न होता तो लहान मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करण्याचा. तेराव्या वर्षी मन तयार होतं, असं त्यात कुणी मोजलेलं नव्हतं. तेव्हा बंदी हवी तर माग. पण ती शाळेच्या फाटकापर्यंत चालते, आणि मुलगा फोन हातात घेतो तो फाटकाबाहेर. तास नाकारलास तर तिथे त्याच्याबरोबर कोण असेल?

आणि मुख्याध्यापकांकडे जाणारच असशील तर आधी आपल्या घरातली घाण काढ. रात्री साडेदहाला वर्गाच्या ग्रुपवर गृहपाठ कोण टाकतं? मीच टाकायचे. सोय वाटायची. एका मुलाने विचारलं, ‘बाई, फोन बघू नको म्हणता आणि उद्याचा अभ्यास फोनवर पाठवता.’ मी त्याला उद्धट ठरवलं होतं. आमच्या शाळेत पुढे सात नंतर ग्रुप बंद करायचं ठरलं, त्यासाठी मला दीड वर्ष भांडावं लागलं. मी मुलांपुढे नमले, असं अजूनही काही सहकारी म्हणतात. म्हणोत. खण भरलेला होता तेव्हा माझ्याकडे कोणी येत नव्हतं, आणि तो रिकामा झाल्यावर येऊ लागले. एवढा हिशोब मला पुरतो. कधी कधी वाटतं, त्या मुलीचं देणं फेडायला मी हा हट्ट धरून बसले आहे. असेनही. तरी हट्ट सोडणार नाही.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला सोमवारी पुढे बसव. शिक्षा म्हणून नव्हे. तुझा आकडा फळ्यावर लिहायला खडू त्याच्याच हातात दे. रविवारी रात्री आकडा कमी दिसावा म्हणून फोन बाजूला ठेवायचा मोह होईल, मलाही झाला होता. ठेवू नकोस.

माझा कालचा आकडा ३ तास १० मिनिटं. त्यातली बरीचशी तुला हे लिहायचं टाळण्यात गेली.

तुझी,
बाई