शपथ मोडली, आता काय?

प्रश्न: बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममध्ये माझ्या पॅलाडिनची (शपथेला बांधलेल्या पवित्र योद्ध्याची) शपथ मोडली, आधीचा सेव्ह लोड करू का?

उत्तर: अजिबात नको! रात्री कॅम्पवर ओथब्रेकर नाइट (शपथ मोडलेला योद्धा) येतो त्याच्याशी बोल, १००० सोन्याची नाणी दिलीस की शपथ परत मिळते, नाहीतर ओथब्रेकर हो, मग मेलेल्यांना ताब्यात घेण्यासारख्या नव्या पॉवर्स मिळतात आणि खरं सांगू, मला तर हाच रस्ता जास्त मजेचा वाटतो. १९९८च्या पहिल्या गेममध्ये रेप्युटेशन फार घसरलं की पॅलाडिनच्या खास शक्ती सरळ जायच्या. पैसे देऊन शपथ परत हे मात्र जरा विनोदीच आहे बुवा! आणि हो, व्हेंजन्सवाल्याची, म्हणजे सूडाची शपथ घेतलेल्या पॅलाडिनची, शपथ दुष्टांना सोडून दिल्यानेही मोडते, म्हणजे दया दाखवतानाही जपून.