राजकीय नेत्यांना संगणक साक्षर असणे आवश्यक आहे का?

आवश्यक आहे, आणि हे मी स्वानुभवावरून लिहीत आहे. काही वर्षे मी एका लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात संगणकाचे काम पाहत होतो. अर्जांच्या नोंदी ठेवणे आणि साहेबांच्या ईमेलना त्यांच्याच नावाने उत्तरे देणे हे माझ्याकडे असे. साहेबांचा पासवर्ड साहेब सोडून कार्यालयातील सर्वांना ठाऊक होता.

त्या काळात एका मदत योजनेच्या लाभार्थ्यांची यादी आमच्याकडे आली. दुबार अर्ज वगळण्यासाठी नाव आणि जन्मतारीख ताडून पाहण्याचा नियम प्रणालीत घातलेला होता. परंतु ज्या वृद्धांना आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती, त्यांच्यापुढे नोंदणी करणाऱ्यांनी सरसकट १ जानेवारी लिहून अंदाजाने साल टाकले होते. परिणामी एकाच नावाच्या दोन-तीन व्यक्ती एकच समजल्या गेल्या आणि बाकीच्यांची नावे गळाली. मी हे निदर्शनास आणून दिल्यावर साहेबांनी संबंधित अधिकाऱ्यांना फोन लावला आणि पलीकडून आलेले उत्तर मला जसेच्या तसे ऐकवले : ‘संगणक चूक करत नाही.’ विषय तेथेच मिटला. साहेब मनाने वाईट नव्हते. हाताने लिहिलेली यादी असती, तर त्यांनी एकेका नावावर बोट ठेवून जाब विचारला असता. पडद्यावरच्या यादीला काय विचारायचे, हे मात्र त्यांना सुचले नाही.

आमचे स्वीय सहायक आजही म्हणतात की नेत्याने माणसे ओळखावीत, यंत्रांसाठी आपण आहोत. त्यांना मी ब्रिटनमधील टपाल कार्यालयांचे उदाहरण देतो. १९९९ ते २०१५ या काळात ‘होरायझन’ या हिशेबप्रणालीने दाखवलेली खोटी तूट खरी मानून कार्यालये चालवणाऱ्या ९०० हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर अशा गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले, आणि हे निकाल सरसकट रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये कायदा करावा लागला. मधल्या काळातील मंत्र्यांना प्रणाली उत्तम असल्याचे सांगितले जात होते आणि ते ऐकत होते. सल्लागार तर त्यांच्याकडेही होतेच.

जपानचे सायबर सुरक्षेचे मंत्री योशिताका साकुरादा यांनी आपण संगणक वापरत नसल्याचे २०१८ मध्ये संसदेत सांगितले, तेव्हा जगभर त्यांचे हसे झाले. मला तर ते प्रामाणिक वाटले. न कळताही मान डोलावणारे अधिक घातक असतात.

अर्थात, नेत्याला प्रोग्रामिंग यावे किंवा त्याने भरभर टंकलेखन करावे असे माझे म्हणणे नाही, आणि संगणक उत्तम जाणणारा नेता तो लोकांवर पाळत ठेवण्यासाठीही वापरू शकतो, हेही खरे. मात्र यादीतून नाव कोणत्या नियमाने गळाले, तो नियम कोणी घातला आणि चूक झाल्यास दाद कोणाकडे मागायची, एवढे तरी त्याला विचारता यावे. पासवर्डही स्वतःजवळच ठेवावा. साहेबांच्या नावाने मी पाठवलेली शेकडो उत्तरे अजून त्यांच्या ईमेलमध्ये असतील. त्यांतील एकही त्यांनी वाचले असेल, असे मला वाटत नाही.