थोरल्याने सोडलेला माइक

गेल्या अंकात 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल' या अमेरिकी रॉक बँडचा आणि त्याचे गायक जॉन फॉगर्टी यांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर सोलापूरच्या वाचकांची पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ. वडील मिलमध्ये कामाला होते. मिल बंद पडल्यावर दादाने शिक्षण सोडून नोकरी धरली, त्या पगारातून गिटार घेतली आणि हळूहळू ऑर्केस्ट्रा उभा केला. सुरुवातीला तोच गात असे. आता मी गातो आणि तो मागे उभा राहून गिटार वाजवतो. गणेशोत्सवात आणि लग्नसराईत आमचे कार्यक्रम होतात, लोक माझेच नाव घेतात. दादा काही बोलत नाही. जॉन फॉगर्टी आणि त्यांचे थोरले बंधू टॉम यांच्यात फूट पडली, असे आपण लिहिले होते. नेमके काय घडले? (एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर)

उत्तर : आपली हकिगत आणि फॉगर्टी बंधूंची सुरुवात यांत इतके साम्य आहे की हे उत्तर विस्ताराने देणे भाग आहे. टॉम यांचा जन्म 9 नोव्हेंबर 1941चा आणि जॉन यांचा 28 मे 1945चा. दोघेही कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जन्मले आणि जवळच्या एल सेरिटो या लहान गावात वाढले. वडील वर्तमानपत्राच्या छापखान्यात लायनोटाइप यंत्रावर काम करीत. घरात पाच भाऊ होते आणि पुढे आईवडील विभक्त झाले. 1959च्या सुमारास जॉन यांनी स्टू कुक आणि डग क्लिफर्ड या दोन शाळासोबत्यांना घेऊन 'ब्लू व्हेल्वेट्स' नावाचा संच सुरू केला, पण त्यात प्रामुख्याने वादन असे. गायक म्हणून परिसरात नाव होते ते टॉम यांचे. त्यांनी धाकट्याचा हा संच आपल्या साथीला घेतला. 1961-62मध्ये त्यांच्या ज्या पहिल्या तबकड्या निघाल्या, त्यांच्यावर 'टॉमी फॉगर्टी अँड द ब्लू व्हेल्वेट्स' असेच नाव छापलेले आहे.

1964मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फँटसी रेकॉर्ड्स' या मुख्यतः जॅझच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने त्यांना करारबद्ध केले आणि संचाचे नाव परस्पर बदलून 'गॉलिवॉग्ज' ठेवले. ते नाव कोणालाच आवडले नव्हते. या अपयशाच्या वर्षांतच संचाचा गायक बदलला. जॉन यांचा आवाज खरखरीत, वरच्या पट्टीत ताणलेला आणि तरीही शब्दन् शब्द ऐकू येईल इतका धारदार होत गेला. टॉम यांना ही गोष्ट सर्वांच्या आधी उमगली. आपल्याला गाता येते, पण जॉनच्या आवाजाला स्वतःचा बाज आहे, अशा अर्थाचे ते पुढे बोललेही आहेत. त्यांनी माइक सोडला आणि ऱ्हिदम गिटार, म्हणजे मागे ठेका धरून साथ करणारी गिटार, घेतली. संच पूर्णवेळ चालावा म्हणून त्यांनी आपली वीज आणि गॅस कंपनीतील नोकरीही सोडली, आणि तेव्हा ते संसारी गृहस्थ होते. माझ्या मते या बँडच्या इतिहासातील सर्वांत मोठा निर्णय हाच होता. तो पुरेशा आदराने सांगितला जात नाही, याचे मला वाईट वाटते.

1968च्या आरंभी नवे, लांबलचक नाव घेऊन बँड पुन्हा उभा राहिला आणि पुढचे दीड-दोन वर्षांतले यश डोळे दिपवणारे आहे. एकट्या 1969 सालात त्यांचे तीन अल्बम निघाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात ते मध्यरात्र उलटून गेल्यावर गायले. ते गायन मनासारखे झाले नाही म्हणून जॉन यांनी ते महोत्सवाच्या चित्रपटात येऊ दिले नाही. अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत त्यांच्या पाच तबकड्या दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेल्या, पहिला क्रमांक मात्र एकदाही मिळाला नाही. लुइझियानाच्या दलदलीची आणि नदीवरच्या बोटींची ही गाणी लिहिणारा तरुण कॅलिफोर्नियाच्या उपनगरात वाढलेला होता, हे ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही.

या यशाच्या मुळाशी जॉन यांची शिस्त होती. गाणी त्यांची, चाली त्यांच्या, वाद्यरचना त्यांची, ध्वनिमुद्रणाची देखरेख त्यांची आणि व्यवहाराची बोलणीही तेच करीत. 'प्राउड मेरी'चे ध्वनिमुद्रण चालू असतानाचा प्रसंग येथे सांगितलाच पाहिजे. मुख्य गाणे झाले, मागचे स्वर भरायचे राहिले होते. इतर तिघे ते गाण्यास उत्सुक होते, पण त्यांचे गाणे जॉन यांच्या कानाला पटेना. त्यांनी सर्वांचे स्वर बाजूला ठेवले आणि एकावर एक ध्वनिमुद्रण चढवून मागचे सगळे स्वर स्वतःच गायले. त्यावरून मोठे भांडण झाले. आज ते गाणे ऐकले की जॉन यांचा कान बरोबर होता हे मान्य करावे लागते, कारण ते स्वर एकजीव आहेत. पण ज्याच्या नावाने पहिली तबकडी निघाली होती, ज्याने आपण होऊन माइक धाकट्याच्या हाती दिला होता, त्या थोरल्या भावाला आता मागच्या ओळीतला स्वरही उरला नाही, हेही तितकेच खरे.

ऱ्हिदम गिटारची थोरवी सोलापूरकरांना वेगळी समजावून सांगायला नको. चादरीवर मोर किंवा फूल उठते ते बाण्याच्या रंगीत धाग्याने, पण ताणा सैल पडला तर नक्षी जागेवर राहत नाही. पहिल्या अल्बमातील साडेआठ मिनिटांचे 'सूझी क्यू' लावा आणि जॉन यांच्या गिटारकडे मुद्दाम दुर्लक्ष करून तिच्याखाली न थकता, न घाई करता चाललेली दुसरी गिटार ऐका. ती टॉम यांची आहे.

1971च्या आरंभी टॉम बँड सोडून गेले. त्याच सुमारास 'हॅव यू एव्हर सीन द रेन' हे गाणे लोकांच्या ओठी होते, आणि बँडमधील हा तणावच त्या गाण्यामागे होता, असे जॉन यांनी स्वतः सांगितले आहे. उरलेल्या तिघांनी 1972मध्ये एक शेवटचा, फिका अल्बम काढला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बँड विसर्जित झाला.

यापुढचा भाग अधिक क्लेशकारक आहे. फँटसी कंपनीचे मालक सॉल झेंत्झ यांच्याशी जॉन यांचे करारावरून वैर जडले. त्या करारातून सुटण्यासाठी त्यांना आपल्या जुन्या गाण्यांच्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागले, आणि ती गाणी गायली की पैसा त्याच माणसाकडे जातो म्हणून त्यांनी ती गाणेच बंद केले. या भांडणात टॉम कंपनीच्या बाजूने उभे राहिले. जॉन यांना हा घाव पैशाच्या नुकसानीपेक्षा खोल लागला. ऑक्टोबर 1980मध्ये टॉम यांच्या लग्नात चौघे एकदा एकत्र वाजवते झाले, पण मन जुळले नाही. पाठीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून टॉम यांना एचआयव्हीची लागण झाली आणि 6 सप्टेंबर 1990 रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला. ते अवघे 48 वर्षांचे होते. दोघांचा समेट झालाच नाही. 1993मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये बँडचा सन्मान झाला, तेव्हाही जॉन यांनी स्टू आणि डग यांच्यासोबत वाजवण्यास नकार दिला आणि दुसऱ्या वादकांना घेऊन गाणी सादर केली. मी या गायकाचा निस्सीम चाहता आहे, तरी त्या संध्याकाळचे समर्थन मला करवत नाही.

आता आपल्या दादांविषयी. ते बोलत नाहीत म्हणून त्यांना काही वाटत नाही असे धरून चालू नका. टॉम यांना संपूर्ण कार्यक्रम नको होता, अधूनमधून एखादे गाणे हवे होते. आपल्या कार्यक्रमात दोन गाणी दादांसाठी कायमची राखून ठेवा, आणि ती उरकून टाकण्याच्या वेळेला न ठेवता मैफल रंगात आलेली असताना ठेवा. निवेदकाला सांगून ऑर्केस्ट्राचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव आरंभीच घेतले जाऊ द्या. मानधनाची वाटणी तोंडी असेल तर ती लिहून काढा. भावाभावांत कागद कशाला, असे लोक म्हणतील, पण फॉगर्टी बंधूंच्या हयातीत सर्वांत अधिक वितुष्ट आणले ते न समजलेल्या कागदानेच.

प्रश्न : जॉन फॉगर्टी यांच्यावर स्वतःच्याच गाण्याची चोरी केल्याचा खटला झाला, असे वाचले. हे कसे शक्य आहे? मी स्वतः ग्रामदैवत श्री सिद्धेश्वरांवर गीते रचून चाली लावतो. एका कंपनीने माझी काही गीते ध्वनिमुद्रित करताना कागदावर सही घेतली, त्याची प्रतही मला दिली नाही, म्हणून विचारतो. (एक गीतकार, सोलापूर)

उत्तर : शक्य आहे, कारण गाणे रचणारा आणि गाण्याचा मालक हे दोन वेगळे असू शकतात. 'रन थ्रू द जंगल' हे 1970चे गाणे जॉन यांनीच रचले, पण त्याचे हक्क फँटसीकडे होते. दहा वर्षांच्या मौनानंतर, जानेवारी 1985मध्ये, जॉन यांचा 'सेंटरफील्ड' हा अल्बम दुसऱ्या कंपनीकडून आला. त्यातील सर्व वाद्ये त्यांनी एकट्याने वाजवली होती आणि तो यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातील 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' हे गाणे म्हणजे जुन्याच गाण्याची नक्कल आहे, असा दावा फँटसीने लावला. 1988मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात जॉन गिटार घेऊन साक्षीला बसले आणि ज्यूरीसमोर दोन्ही गाण्यांचे तुकडे वाजवून आपली शैली कशी घडते ते त्यांनी दाखवले. कलावंताची शैली ही त्याची स्वतःचीच असते, ती कोणाला विकलेली नसते, हा मुद्दा वकिलाच्या युक्तिवादापेक्षा त्या वादनातून अधिक पटला असावा. निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे खटल्याच्या खर्चाचा प्रश्न थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1994मध्ये न्यायालयाने असे ठरवले की स्वामित्वहक्काच्या दाव्यात वादी जिंको वा प्रतिवादी, वकिलीचा खर्च देववताना दोघांना एकच निकष लावावा. हा निर्णय आजही तेथील कायद्याच्या अभ्यासात शिकवला जातो.

आपल्याकडे स्वामित्वहक्क कायदा, 1957 लागू आहे आणि तो रचनाकाराला बरेच संरक्षण देतो. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात कोणती रचना, कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी, हे नमूद करायचे असते. काळ लिहिलेला नसेल तर तो पाच वर्षांचा मानला जातो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर केवळ भारतापुरताच. 2012च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) समान वाटा कंपनीला सहजासहजी लिहून घेता येत नाही. या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत केलेली तळमळीची मांडणी प्रसिद्ध आहे. आपण त्या कंपनीकडे सही केलेल्या कागदाची प्रत लेखी पत्राने मागा, पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. प्रत हाती आल्यावर ती वकिलांना दाखवूनच पुढचे पाऊल उचला. तोवर नव्या गीतांवर कोठेही सही करू नका.

प्रश्न : रॉक संगीतात भावंडांच्या आणखी जोड्या आहेत का? (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : पुष्कळ आहेत. 'किंक्स'चे रे आणि डेव्ह डेव्हिस हे बंधू भांडखोरपणासाठीच अधिक ओळखले गेले. 'ओअ‍ॅसिस'चे नोएल आणि लिअम गॅलाघर 2009मध्ये वेगळे झाले आणि 2025मध्ये पुन्हा एका मंचावर आले. भगिनींमध्ये 'हार्ट' या बँडच्या अ‍ॅन आणि नॅन्सी विल्सन आवर्जून ऐकाव्यात. अ‍ॅन गातात आणि नॅन्सी गिटार वाजवतात, आणि दोघींनी गाणीही मिळून लिहिली आहेत. मला स्वतःला सर्वांत भावते ती 'एसी/डीसी'ची जोडी, कारण तेथे थोरले माल्कम यंग यांनी ऱ्हिदम गिटार धरली, धाकटे अँगस पुढे नाचत वाजवत राहिले, आणि तरी बँडचा कर्णधार कोण याविषयी कोणालाच शंका नव्हती.

प्रश्न : जॉन फॉगर्टी आता जुनी गाणी गातात का? ऐकायला सुरुवात कोठून करावी? (एक निवृत्त शिक्षक, सोलापूर)

उत्तर : गातात. 1987च्या आरंभी लॉस एंजलिसच्या एका क्लबमध्ये बॉब डिलन यांनी त्यांना बजावले, की तू 'प्राउड मेरी' गायला नाहीस तर लोक ते गायिका टीना टर्नर यांचेच समजतील. तेथे ते गायले, आणि त्याच वर्षी 4 जुलैला व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी झालेल्या कार्यक्रमात त्यांनी आपली जुनी गाणी उघडपणे पुन्हा हाती घेतली. 1997च्या 'ब्लू मून स्वॉम्प' या अल्बमाला ग्रॅमी मिळाले. जानेवारी 2023मध्ये, अर्धशतकाच्या झगड्यानंतर, त्यांनी आपल्या गाण्यांच्या प्रकाशनहक्कांचा बहुतांश वाटा विकत घेऊन परत मिळवला. 2025मध्ये ऐंशी वर्षांचे झाल्यावर त्यांनी जुनी गाणी नव्याने गाऊन अल्बम काढला. त्यांचे शेन आणि टायलर हे दोन मुलगे आता त्यांच्यासोबत मंचावर वाजवतात.

ऐकण्याची सुरुवात 1970च्या 'कॉस्मोज फॅक्टरी'पासून करावी. ध्वनी साधा आणि स्वच्छ आहे, वाद्ये मोजकीच, आणि शब्द समजले नाहीत तरी ठेका लगेच धरता येतो. नंतर 1969च्या 'ग्रीन रिव्हर'कडे वळावे. नव्या अल्बमातील गाणी शेवटी ऐकावीत, म्हणजे आवाजात काय टिकले आणि काय बदलले ते आपल्याला स्वतःच पारखता येईल.